शेजारचं दार

दोक-सूनं भात वाढायची प्लास्टिकची पळी गाडीच्या दाराच्या फटीत घातली आणि हलकेच उचकटली. टक्. एक क्लिप सुटली. स्क्रूड्रायव्हर घातला असता तर पत्र्याचा रंग गेला असता, पळीनं काही होत नाही. तशीही ती घरात पडूनच होती. एकट्याचा भात काय, कुकरमधनंच खातो माणूस.

गाडी बावीस वर्षांची. त्याच्या स्वतःच्या बाजूला हात टेकायची जागा झिजून आतला स्पंज वर आलेला, पण तिकडं त्यानं बघितलंही नव्हतं. स्टिअरिंग डावीकडं; काम चाललं होतं शेजारच्या, उजव्या दाराचं. उद्या रविवार, आणि उद्या त्या दारातून यॉमबाई आत बसणार होती.

यॉमबाईचं सामचॉनपो बंदराच्या बाजारात सुकटीचं दुकान. गेलं वर्षभर दोक-सू तिच्याकडनं इतकी सुकट घेत होता, की त्याच्या फ्रीजमध्ये दुसरं काही मावत नव्हतं. मंगळवारी पिशवीला गाठ मारता मारता तीच म्हणाली, "रविवारी पुलापलीकडं, नामहेला सोडाल का? बहिणीची सत्तरी आहे."

एवढंच. दोक-सू तिथनं निघाला तो थेट भंगारात.

भंगारवाल्या ग्वाकनं दहा मेलेल्या गाड्या पालथ्या घातल्या, तेव्हा कुठं त्या दाराचं आतलं पॅनल मिळालं.

"राखाडी आहे, दादा. तुमचं बदामी."

"चालेल ना?"

"दाराला चालेल. बाईला चालतंय का ते तुम्ही बघा."

"कोण बाई?"

"तर काय. इतकी वर्षं त्या सीटवर गळाची पेटी बसतेय, आजच तिला दार टोचायला लागलं." ग्वाकनं दुसऱ्या एका महागड्या गाडीतली ऊन अडवायची पट्टी उपटली. "ही पण न्या. मागं आरसा आहे हिला. लागतो बायकांना."

दोक-सूनं पट्टी काखेत मारली.

जुन्या पॅनलवर शोरूममधला प्लास्टिकचा कागद अजून तसाच होता. बायकोनं, ती होती तोवर, काढू दिला नव्हता, विकताना भाव येतो म्हणून. पिवळा पडलेला, कडक झालेला, फाटला होता तिथं हाताला कापायचा. आधी तो सोलून काढावा असं त्याच्या मनात होतं. नखानं कोपरा उचललाही. मग सोडून दिला. अख्खं पॅनल कागदासकट काढलं आणि भिंतीला टेकवलं, तोंड भिंतीकडं करून.

दुसरं बसवता बसवता दुपार टळली. काचेच्या बटणाची वायर आखूड पडली. दोन क्लिपा मोडल्या. सगळं झाल्यावर एक स्क्रू उरला, तो कुठला ते काही केल्या कळेना. खिशात टाकला. समोरच्या खणाचं झाकण सारखं पडायचं, त्याला नवी कडी लावली. आरशाची पट्टी बसवली, आरसा पुसला.

मग हात धुऊन तो स्वतःच शेजारच्या सीटवर जाऊन बसला आणि आतून दार ओढून घेतलं. बरं लागलं. या बाजूला तो कधी बसलाच नव्हता. इथनं बघितलं तर स्टिअरिंग फार लांब दिसत होतं, आणि तिथं कुणी नव्हतं.

आता सीट किती पुढं घ्यायची? यॉमबाई तराजूमागं उभी राहते तेव्हा वर टांगलेली सुकी माकुळं तिच्या केसांना लागतात, त्याला ती खांद्याशी येतात. म्हणजे त्याच्या खांद्याएवढी असेल. त्यानं सीट दोन घरं पुढं घेतली. थोडा विचार केला, आणि एक घर मागं.

सकाळी ती बाजाराच्या कोपऱ्यावर उभी होती. जांभळा कोट, ओठांना जरासा रंग, हातात रेशमी फडक्यात बांधलेलं बोचकं. दोक-सू उतरला, गाडीला वळसा घालून गेला आणि पुढचं दार उघडून धरलं.

यॉमबाईनं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसली.

"पुढं बसा की. जागा आहे."

"आहे हो, दिसतंय मला." आवाज मऊ होता तिचा. "पण लोक बघतात, सुजिनचे बाबा. मी आपली मागंच बरी."

सुजिन त्याची लेक, सेऊलला असते. सगळी गल्ली त्याला त्याच नावानं हाक मारते. आज काही वेगळं कानावर पडेल असं त्याला का वाटलं होतं, कोण जाणे. पुढचं दार अजून त्याच्या हातातच होतं.

"हे तेवढं पुढं ठेवा," तिनं बोचकं त्याच्या हातात दिलं. "मागं घसरत राहील. सांभाळून हं, मऊ आहे."

दोक-सूनं बोचकं शेजारच्या सीटवर ठेवलं, दार लावलं, गाडी काढली. यॉमबाई खिडकीबाहेर बघत बहिणीच्या तिन्ही सुनांचं सांगत होती, कोण कामाची आणि कोण नुसती बोलायची. तो हं हं करत होता. समुद्रावरच्या पुलाला लागताना मोठं वळण आहे. तिथं बोचकं कलंडायला लागलं, तसा त्यानं उजवा हात त्याच्यावर ठेवला.

वळण संपलं तरी काढला नाही. आतला तांदळाचा केक पहाटेच उकडलेला असणार. फडक्यातनं अजून गरम लागत होता.