ठिगळ

थोरला मुलगा विक्रांत बुडाल्यापासून आई अप्पांशी एक शब्दही बोललेली नव्हती. शिडाच्या जुन्या फायबर होडीच्या तळाला चीर गेली होती. ती अप्पांनी ओलसर असतानाच रेझिनने बुजवली, म्हणून भर समुद्रात आत पाणी शिरलं. असं त्यांनी स्वतःच आईला सांगितलं होतं.

किनाऱ्याला ओढून आणलेली ती होडी आता विकायची होती. शिवडीच्या यार्डात विक्रांतची बहीण अवनी होडीच्या पोटात उकिडवी बसून जुना थर घासत होती. अप्पा शेजारी रेझिन कालवत होते. होडी शेवटची बघायची म्हणून आलेली आई खाली शिडीपाशी सावलीत उभी होती.

सुटत आलेलं ठिगळ अवनीच्या हातात अख्खं निघून आलं. त्याच्या कोपऱ्यात, रेझिन सुकण्याआधी काडीने कोरलेलं नाव होतं. विक्रांत.

"अप्पा, हे तर दादाने लावलंय."

अप्पांचा हात थांबला नाही. "चीर दोन दिवस वाळू दे म्हटलं होतं त्याला."

"मग आईला खरं का नाही सांगितलंत?"

"माझ्यावर चिडता तरी येतं तिला," अप्पा म्हणाले. "नाव घासून टाक. आई शिडी चढतेय."