वजनाची खोली

“तिसऱ्यांदा आलात, आजी. आमचं जेवण एवढं आवडलं का?” मोठ्या सिस्टरनी सहा नंबरच्या खाटेवरच्या आजींचा पाय अंगठ्याने दाबून पाहिला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

“जेवण कसलं डोंबलाचं, नुसतं अळणी पाणी,” आजी धापा टाकत म्हणाल्या. “माणसं बरी आहेत म्हणून येते.”

आजींचं हृदय थकलं होतं. अंगात पाणी साचायचं, पाय सुजायचे, श्वास लागायचा. वॉर्डात सिस्टर समोर उभ्या राहून गोळ्या गिळायला लावायच्या, की चार दिवसांत सूज उतरायची. घरी गेल्या की तीन आठवड्यांत पुन्हा तीच गत.

“घरी गोळ्या घेता ना वेळेवर?”

“मीच देते. रोज हातावर ठेवते,” सून म्हणाली. विचारलं होतं आजींना.

सिस्टरना या वॉर्डात वीस वर्षं झाली होती. घरातलं नातं नासलेलं असेल तर कितीही भारी औषध लागू पडत नाही, हे त्या नव्या मुलींना सांगून सांगून वैताग आणायच्या. कुणाचा धाक आहे, कुणाचा जाच आहे, हे पेशंटला विचारायचं, पण एकट्याला गाठून. त्यासाठी त्यांनी वजनाची खोली धरली होती. काट्याजवळ नातेवाइकांनी यायचं नाही, असा नियम त्यांनीच केला होता, आणि तो कुठल्याही कागदावर नव्हता.

इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. सून खाटेजवळून हलायची नाही. फोन वाजला की दचकून उठायची, “हो, इथेच आहे. आई झोपल्यात,” एवढं बोलून ठेवायची. जेवणाचं ताट आलं की आजींचं उरलेलंही संपवायची. आणि दुपारी बघावं तर सासूला धाप लागलेली आणि ही बया खुर्चीत तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. सिस्टरना असा राग आला! तिला हलवायला त्यांनी हात पुढे केला, तर आजींनी तो मधेच धरला.

“झोपू द्या तिला,” त्या कुजबुजल्या.

केवढी ही धास्ती, सिस्टरना वाटलं. आपल्याच सुनेला उठवायची चोरी! त्यांना आजींची फार दया आली.

मुलगा मात्र गुणाचा होता. संध्याकाळी फळं घेऊन यायचा, शेजारच्या खाटेवरच्यांचीही विचारपूस करायचा, सिस्टरशी आदबीने बोलायचा. तो आला की सून एकदम गप्प व्हायची. सिस्टरनी त्याला एकदा बाजूला घेतलं.

“घरी गोळ्या नीट पोटात जात नाहीत, असं मला वाटतं. काही दिवस दोघींना जरा लांब ठेवून बघू या का?”

“मी तेच म्हणत होतो,” तो लगेच म्हणाला. “घराचीही आबाळ होतेय. उद्या पाचला हिला घेऊन जातो. आईजवळ आया ठेवू.”

त्याने खाटेजवळ जाऊन हे सांगितलं. सून आजींची चादर सारखी करत राहिली. आजी मात्र कोपरावर उठून बसल्या.

“माझं करायला हीच पाहिजे. दुसरीचा हात मला चालत नाही.”

“आई, हट्ट नको,” मुलगा हसून म्हणाला. सिस्टरही हसल्या. म्हाताऱ्या माणसांना छळणाऱ्याचीही सवय होते, हे त्यांनी खूप वेळा पाहिलं होतं.

तरी एकदा आजींच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी स्वतः चाकाची खुर्ची आणली. सून उठून मागे निघाली.

“तुम्ही बसा. तिकडे नातेवाईक चालत नाहीत,” सिस्टर जरा तोडूनच बोलल्या.

वजन दोन किलो उतरलं होतं. सिस्टरनी ते लिहिलं, दार लावलं आणि स्टूल ओढून आजींच्या समोर बसल्या.

“आजी, इथे आपण दोघीच आहोत. तुमची इच्छा नसेल तर यातलं अक्षर बाहेर जाणार नाही. घरी तुम्हाला कुणाची भीती वाटते का? कुणी हात उगारतं?”

आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरनी त्यांची पाठ थोपटली.

“मला अंदाज होताच. आता घाबरू नका. आज पाचला तुमच्या सूनबाई जातील घरी.”

“पहिल्या खेपेला मी खरीच आजारी होते,” आजी डोळे पुसत म्हणाल्या. “तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पोरीला तुम्ही इथे आणलं होतं. इथून बाहेर आली ती नवऱ्याकडे परत गेलीच नाही, बहिणीकडे गेली. मी पडल्या पडल्या सगळं बघत होते.”

“मग तुम्हीही तेव्हाच का नाही बोललात?”

“मला कोण हात लावतंय? मी म्हातारी, मला विचारून काय उपयोग?” आजींनी सिस्टरचं मनगट घट्ट धरलं. “पाचच्या आत तिला या खोलीत आणा आणि हेच विचारा. गोळ्या ती रोज न चुकता हातावर ठेवते हो, फेकून मीच देते. मी आजारी पडल्याशिवाय माझा मुलगा तिला घराबाहेर पाऊल टाकू देत नाही.”