मांडीवरचा बल्ब

सकाळचे कोवळे ऊन गॅरेजच्या शटरखालून आत आले, फरशीवरच्या तेलाच्या डागांवर जरा रेंगाळले आणि बाबांच्या जुन्या, लाल स्पोर्ट्स कारच्या बॉनेटवर चढून अंग सैल सोडून पहुडले. त्या उन्हाकडे नुसते बघत बसावे, गाडी बाहेर काढूच नये, असे त्यांच्या मेकॅनिक मुलाला वाटत होते. चालता चालता तिचे इंजिन मधूनच बंद पडे. काल तर भर चौकात, मागे ट्रक असताना. कार्बोरेटर, कॉइल, वायरिंग, सारे बदलून झाले होते. "गाडीचं राहू दे, आधी बाबांना डॉक्टरांना दाखव," असे आई म्हणाली, तेव्हा तो तिच्यावर खेकसला होता.

आज त्याने कॉइलच्या वायरीला एक छोटा बल्ब जोडला आणि तो मांडीवर धरून बाबांच्या शेजारी बसला. करंट तुटला, की बल्ब विझणार होता.

"घाबरतोस काय, गाढवा?" बाबा गिअर टाकत हसले. "तुझ्या जन्माआधीपासून सांभाळतोय हिला."

उतारावर बल्ब विझला. इंजिन गप्प झाले. त्याने वर पाहिले. बाबांची बोटे किल्लीवर होती. त्यांनीच ती फिरवली होती.

"बघ, पडली पुन्हा बंद," बाबा कळवळून म्हणाले. "तू नीट शोधतच नाहीस रे."



मुलाच्या हातात ती गाडी आजवर एकदाही बंद पडली नव्हती.