ऐकू येतंय का गं?

घशाच्या ऑपरेशननंतर भाऊंचा आवाज गेला, उरली नुसती कुजबुज. घाटकोपरच्या घरात पंखा, मिक्सर आणि टीव्हीपुढे ती कुणाला ऐकू येईना. दर वाक्याला "काय?" ऐकून त्यांनी बोलणंच सोडलं.

रविवारी त्यांची लेक वसुधा त्यांना विज्ञान संग्रहालयात घेऊन गेली. तिथल्या दालनाच्या दोन टोकांना माणसाएवढ्या दोन खोलगट थाळ्या समोरासमोर उभ्या होत्या. तिने भाऊंना एका थाळीकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः दुसरीपाशी जाऊन कान लावला. मधे शाळेच्या पोरांचा नुसता कल्ला.

"वसू, ऐकू येतंय का गं?"

अगदी कानाशी बोलल्यासारखं. ती दचकलीच. "येतंय भाऊ! एकदम क्लिअर!"

मग भाऊ सुटलेच. भाजीत मीठ कमी पडतं, जावई गाडी फार जोरात चालवतात, तुझी आई गेल्यापासून चहाला चव नाही. वसुधा डोळे पुसत हसत होती. भाऊंच्या मागे पोरांची रांग वाढतच गेली. शेवटी तिथला गार्ड वैतागला. "काका, बस झालं ना आता! किती बोलाल?"

भाऊंनी वळून लेकीकडे पाहिलं आणि शतक ठोकल्यासारखे दोन्ही हात वर केले.