अकराव्या घराचा शेरा

वर्ध्यातल्या घरदलालांच्या मंडळाची वही वर्षानुवर्षं ट्रंकेत कुलूपबंद असायची. कुठलं घर रिकामं आहे आणि ते कुणाला दाखवायचं, हे पाच दलाल आपसांतच ठरवत. सत्तावन्न साली नानाजी अध्यक्ष झाले आणि त्यांनी भांडून नवा नियम करून घेतला. दर रविवारी वही लोकांसमोर मोठ्यानं वाचायची, एक अक्षरही न गाळता.

पहिल्या रविवारी ते स्वतःच वाचायला बसले. "विधवा नको", "पोरंबाळं फार नकोत", एकेका घराखालचा शेरा ते असा ठणकावून वाचत, की लिहिणारे दलाल माना खाली घालत. अकराव्या घराशी मात्र ते थबकले. दोन खोल्या, अंगणात विहीर. घर त्यांचंच होतं, आणि शेराही त्यांच्याच अक्षरात.

समोर प्रेमदास मास्तर बसला होता. गेल्या साली त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि तीन महिन्यांपासून तो भाड्याचं घर शोधत होता.

"थांबले काऊन, नानाजी?" एका दलालानं मुद्दाम विचारलं.

नानाजींनी चष्मा पुसला आणि खालच्या आवाजात वाचलं, "दीक्षा घेतलेल्यांना देणे नाही."

प्रेमदास उठला. आता हा निघून जाणार, असं नानाजींना वाटलं.

"गाळलं असतं तं मले समजलंही नसतं," तो म्हणाला. "तुमी वाचलं, म्हणून इचारतो. घर पाहाले कवा येऊ?"