दिवस मावळतानाचा सिग्नल

दूरच्या आकाशगंगांतून येणारे, पापणी लवायच्या आत विझणारे रेडिओ सिग्नल टिपायला वरोऱ्याचा आदेश हेमलकशाच्याही पलीकडे जंगलात अँटेना लावून आठ महिने एकटा राहत होता. मोबाइलची रेंज नाही, म्हणून तर ही जागा निवडलेली. आणि आता रोज दिवस मावळताना एक सिग्नल नेमका येऊ लागला. आदेशचे पाय जमिनीवर ठरेनात!

खात्री करावी म्हणून हातातला छोटा अँटेना फिरवत तो निघाला. माग संपला जवळच्या पाड्यावरच्या बुधरीबाईच्या अंगणात. म्हातारी चालू मोबाइल हातात धरून बसली होती; टॉवर शोधत तोच सिग्नल सोडत होता.

"माय, इथी रेंजच नाई. काऊन चालू करतं वं रोज?"

"मले मालूम हाय, सर. पण माहा पोरगा सुनील दोन वर्सांमांगं तेलंगणात मिरची तोडाले गेला, तई म्हणे, सांजले फोन करीन. त्यानं केला अन् माहा बंद असला तं?"

फोन बंद ठेव, हेच आदेश आता सांगणार होता.



आता दिवस मावळला की तो स्वतःचाच अँटेना बंद करतो, आणि बुधरीबाईशेजारी बसून तिच्या मोबाइलकडे बघत राहतो.