सह्यांपुरतं पेन

विद्यापीठाच्या ग्रंथालयात छताखालचा पाइप फुटला आणि पाणी नेमकं एका दिवंगत नामवंत कादंबरीकाराच्या हस्तलिखितांच्या खोक्यात शिरलं. खोकं कालच घरून आलेलं, अजून उघडलंही नव्हतं. ग्रंथपालांनी कादंबरीकाराच्या पत्नीला बोलावून घेतलं. काचेच्या कपाटातल्या लेखकाच्या सोनेरी शाईपेनाकडे बघत ते म्हणाले, "वहिनी, शाई धुऊन गेली असणार. उघडायचा धीर होत नाही." "उघडा तर खरं." ओला गठ्ठा बाहेर आला. कागद फुगले होते, पण अक्षर न् अक्षर जागेवर. सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. "ते पेन सह्यांपुरतं," वहिनी म्हणाल्या. "लिहायचे अंथरुणात लोळत. चादरींवर शाईचे डाग पडायचे, धुवायला मीच. म्हणून पेन काढून घेऊन हातात पेन्सिल दिली." ग्रंथपाल मटकन खुर्चीत बसले आणि हसत सुटले. वहिनींनी भिंतीवर लावलेल्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं. "जन्मभर कुरकुर केलीत ना? आता बोला."